आमच्या मुलांची मानसिक तयारी

गावाकडे फौजेतून परत आलेल्या माणसाला सगळे मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून भरती होऊन नायक म्हणून घरी आलेला असो, पारावरची माणसं त्याला ‘या मेजर, बसा’ असंच म्हणणार. त्यात प्रेम असतं आणि मानही असतो. अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. दर १५ ऑगस्टला कुणा ना कुणा मेजरांच्या हस्ते झेंडावंदन व्हायचं आणि सूत्रसंचालन बहुधा माझ्याकडे असायचं. एका वर्षी एक निवृत्त हवालदार पाहुणे होते. मी त्यांच्या नोकरीचा परिचय करून दिला, टाळ्या झाल्या, मुलांना जिलेबी वाटली. नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘मॅडम, खरं तर झेंडा आमच्या वहिनींच्या हातून फडकायला पाहिजे होता. त्या लेफ्टनंट कर्नल म्हणून रिटायर झाल्यात. ड्युटीवर गाठ पडली असती तर मीच त्यांना सॅल्यूट केला असता.’

वहिनी मांडवात बसल्या होत्या. पालक बायकांच्या रांगेत, मांडीवर पुतण्याची मुलगी घेऊन. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून त्या सासरच्या गावी राहायला आल्या, त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. गावात त्यांना ‘सिस्टर वहिनी’ म्हणत. कुठल्या दवाखान्यात सिस्टर होत्या, हे विचारावं असं मलाही कधी सुचलं नव्हतं. मी स्वतः बाई, त्यातून इतिहासाची शिक्षिका. ती चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते.

पुढच्याच महिन्यात मी त्यांना शाळेत बोलावलं. स्टेज नको, असं त्यांनीच सांगितलं. शनिवारची सकाळची शाळा, नववीचा एक वर्ग, सलग दोन तास. शाल नाही, नारळ नाही, माईक नाही. मुलांनी मनातले प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहायचे आणि खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायचे, एवढंच ठरलं होतं. त्या टेबलामागे बसल्या नाहीत. पहिल्या बाकावरच्या दोन मुलींना सरकवून तिथेच बसल्या.

त्यांनी शौर्याची एकही गोष्ट सांगितली नाही. बर्फाने काळी पडलेली बोटं चोळायची नसतात, कोमट पाण्यात ठेवायची असतात, आणि तरीही कधी कधी ती वाचत नाहीत, हे सांगितलं. आंध्रातल्या एका जवानाला मराठी येत नव्हतं आणि यांना तेलुगू, तर बोटं गेलेल्या त्या मुलाचं आईला लिहायचं पत्र दोघांनी मोडक्या हिंदीत कसं तयार केलं आणि मग तेलुगू येणारा कुणी सापडेपर्यंत ते कसं उशाखाली पडून राहिलं, हे सांगितलं. रात्रपाळीत सगळा वॉर्ड झोपला की चादरींच्या खोलीत जाऊन रडायचं आणि तोंड धुऊन परत यायचं, हेही सांगितलं. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मग चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर अहिराणीतच लिहिलेलं होतं, ‘मॅडम, माणसे तुम्हले सॅल्यूट करेत का?’ त्या म्हणाल्या, ‘करायचे. सॅल्यूट खांद्यावरच्या हुद्द्याला असतो, बाई की माणूस ते बघून नसतो. काही जण मनापासून करायचे, काही जण नाइलाजाने. कोणता सॅल्यूट कसला आहे ते कोपर बघून कळतं.’

दुसरी चिठ्ठी उघडली आणि त्या क्षणभर थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चिठ्ठीत विचारलं होतं, पाळी आल्यावर तुम्ही काय करायच्या? मुलग्यांच्या माना खाली गेल्या. कर्नलबाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि रक्तदाब किती आहे हे सांगावं तितक्या सरळ आवाजात उत्तर दिलं. काश्मीरमध्ये पोस्टिंगवर जाताना दिवस दिवस कॉन्व्हॉयमधून, म्हणजे लष्करी गाड्यांच्या ताफ्यातून, प्रवास असायचा. गाडीत त्या एकट्या बाई. मध्ये कुठे आडोसा नाही. ‘गाडी थांबवा’ म्हणायची लाज वाटायची, म्हणून पहिल्या काही वर्षांत त्या प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नसत. त्याने लघवीचा त्रास मागे लागला, ताप आला, स्वतःच वॉर्डात भरती व्हावं लागलं. ‘बरी झाले आणि पुढच्या प्रवासाला ड्रायव्हरला सांगितलं, गाडी थांबवा. माझ्या नोकरीतला पहिला खरा हुकूम तो. थांबवली त्याने. इतकी वर्षं कुणी थांबवतच नव्हतं असं नव्हतं, मी सांगतच नव्हते.’ तोवर मुलग्यांच्या माना वर आल्या होत्या.

त्या दोन तासांनी मला जे दाखवलं, त्याच्या आधारावर मी हे लिहिते आहे. सैन्यात नोकरी केलेल्या बायकांनी शाळेच्या वर्गात जाऊन आपला अनुभव सांगावा, ही सोय खानदेशातल्या प्रत्येक शाळेला मिळायला हवी. मुलींसाठी हवीच. पण मुलग्यांसाठी ती जास्त हवी, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे.

सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकाऱ्याची नोकरी, द्यावं, त्यांना तुकडीचं नेतृत्व करू द्यावं, यासाठी आधी वकील बबिता पुनिया आणि मग अनेक महिला अधिकारी कोर्टात गेल्या. हा झगडा वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारच्या बाजूने जे मुद्दे आले, त्यांतला एक मी वाचला तेव्हा वर्तमानपत्र हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मुद्दा असा होता : जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, तिथल्या सामाजिक रूढी अशा आहेत की महिला अधिकाऱ्याचं नेतृत्व स्वीकारायला त्यांची मानसिक तयारी अजून झालेली नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी १७ फेब्रुवारी २०२० रोजी हा मुद्दा फेटाळला, बायकांबद्दलच्या साचेबंद समजुतींवर तो उभा आहे असं सांगितलं आणि कायमस्वरूपी कमिशनचा रस्ता मोकळा केला.

निकाल योग्यच झाला. पण ते ‘ग्रामीण भागातले जवान’ कोण? ते आमची पोरं. पारोळा रस्त्यावर पहाटे चार वाजता मोबाईलच्या उजेडात पळणारी, शेतातून आल्यावर घरामागे दोर बांधून त्यावर चढण्याचा सराव करणारी, भरतीची जाहिरात निघाली की रात्रीच्या गाडीने जाऊन मैदानाबाहेर फुटपाथवर झोपणारी. त्यांचं नाव पुढे करून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बायकांना मागे ठेवण्याचं कारण सांगितलं गेलं, आणि त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. मला त्याचा राग आला. राग ओसरल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला, तो जास्त अवघड होता. हे म्हणणं सगळं खोटं होतं का? माझ्या वर्गातला मुलगा मॉनिटर मुलगी असेल तर तिचं ऐकतो का? ग्रामपंचायतीत महिला सरपंच निवडून आल्यावर खुर्चीत कोण बसतं आणि सही कुठे होते, ते आपण सगळे पाहतो. मानसिक तयारी झालेली नाही असं कुणी म्हटलं तर ती तयारी करून घेणारी जागा कोणती? घर आणि शाळा. घराचं माझ्या हातात नव्हतं. शाळेचं होतं.

आता तर ही गोष्ट दूरची राहिलेली नाही. २०२३ पासून महिला कर्नल युनिटच्या प्रमुख म्हणून नेमल्या जात आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली पहिल्यांदा मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या सतरा जणी मुलांच्या खांद्याला खांदा लावून दीक्षान्त संचलनात चालल्या. आज आठवीत असलेला शिरपूरचा किंवा साक्रीचा मुलगा अग्निवीर म्हणून भरती होईल तेव्हा त्याला हुकूम देणारी कॅप्टन बाई असू शकते. तिला केलेला त्याचा सॅल्यूट कसला असेल, ते त्याच्या आठवीच्या वर्गात ठरतं.

मुलींच्या बाबतीत तर मला वाद घालावा असंही वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्या साली ज्या पाळण्यात होत्या त्या आता नववी-दहावीच्या वर्गांपर्यंत पोहोचल्या आहेत. वर्गातल्या बाकांवर ती कमतरता बसलेली दिसते. ज्या जन्मल्या त्यांतल्या कितींच्या लग्नाची बोलणी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुटीत होतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे आणि उघड बोलायला कुणी तयार नाही.

याच मातीतल्या बाईने काय काय केलं, हे मुलींना आपण सांगतो का? बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ देशाच्या राष्ट्रपती होत्या, म्हणजे तिन्ही सेनादलांच्या सरसेनापती होत्या. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसून आकाशात गेल्या. १९४२ च्या चळवळीत उतरलेल्या डांगरीच्या लीलाताई पाटील इथल्याच. नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे, आणि ती असायलाच हवी. लीलाताईंचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

अशा माजी सैनिक बायका खानदेशात आहेत तरी किती, असं मला विचारतात. कमी आहेत. पण वाटतात तितक्या कमी नाहीत. त्या दिसत नाहीत, याची कारणं आहेत. १८८८ साली दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथून लष्करी परिचर्या सेवेचा इतिहास सुरू होतो. म्हणजे बायका सव्वाशे वर्षांहून जास्त काळ या नोकरीत आहेत. पण नर्स म्हटलं की लोकांना वर्दी दिसत नाही, पांढरी टोपी दिसते. डॉक्टर म्हणून गेलेल्या मुली पुण्या-मुंबईत स्थायिक होतात. १९९२ साली इतर शाखांमध्ये महिला अधिकारी घेण्याची योजना निघाली. प्रिया झिंगन नावाच्या मुलीने थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहून मला का घेत नाही असं विचारलं होतं, ती चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत पंचवीस जणींच्या पहिल्या तुकडीतली पहिली कॅडेट झाली. पण ही नोकरी अल्पसेवेची. आधी पाच वर्षांची, मग दहा, मग चौदा. पेन्शनला लागतात वीस वर्षं. त्यामुळे ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर कित्येक जणी पेन्शनविना बाहेर पडल्या, दुसरी नोकरी शोधली, मुलंबाळं वाढवली आणि शेजारपाजारच्यांच्या लेखी कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी बायको होऊन राहिल्या. पेन्शनच्या रांगेत नाही म्हणून मेजरांच्या गप्पांत नाही, आणि गप्पांत नाही म्हणून झेंडावंदनाला नाही. लग्नानंतर आडनाव बदललेलं, माहेरच्या गावाला वाटतं ती सासरची, सासरच्या गावाला वाटतं ती बाहेरची.

यात वर्तमानपत्रांचाही वाटा आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात हुतात्मा झाल्यावर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लष्करात अधिकारी झाल्या. मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे यांनीही तेच केलं. दोघींपुढे कुणीही हात जोडावेत. पण ‘वीरपत्नी’ हा शब्द आल्याशिवाय बाईच्या वर्दीची बातमी होत नाही, अशी सवय आपल्याला लागली आहे. जी स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या पोटासाठी, बापाशी भांडून गेली आणि चौदा वर्षं रसद किंवा दारूगोळ्याच्या डेपोत इमानाने काम करून परत आली, तिचीही गोष्ट वर्गात यायला हवी. वरणगावच्या कारखान्यात बनलेली काडतुसं सीमेवर पोहोचतात कशी, हे तिच्याइतकं चांगलं कोण सांगणार?

सगळ्यात गंभीर आक्षेप माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने घेतला. ज्या अमळनेरला साने गुरुजींनी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांना आईच्या मायेने सांभाळलं, तिथे तुम्ही मुलांच्या मनात बंदूक घालणार का, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी टाळणार नाही. शाळा भरतीचं केंद्र होऊ नये, असं मलाही वाटतं. भरतीपूर्व क्लासचे फ्लेक्स आमच्या शाळेच्या कुंपणावर लागायचे, ते मी दोनदा काढायला लावले होते. चौदा वर्षांच्या मुलाला युद्ध म्हणजे पार्श्वसंगीतासह घडणारी गोष्ट वाटते, कारण त्याने ते मोबाईलवर तसंच पाहिलेलं असतं. त्यावर उतारा गप्प बसण्यात नाही. युद्धाची किंमत हाताने मोजलेलं माणूस समोर बसवण्यात आहे. उशाखाली पडून राहिलेल्या त्या तेलुगू पत्राने माझ्या वर्गातल्या मुलांना जे सांगितलं, ते मी पानिपतावर आठ तास घेऊनही सांगू शकले नव्हते. त्या दिवशी एका चिठ्ठीत विचारलं होतं, शत्रूचा जखमी सैनिक आला तर काय करता? कर्नलबाई म्हणाल्या, ‘तेच. तीच सलाईन, तीच चादर. तसा नियमच आहे. आणि नियम नसता तरी तेच केलं असतं.’ गुरुजी वर्गात मागे उभे असते, तर त्यांना यात वावगं काय वाटलं असतं?

मात्र हे खरं राहायचं असेल तर अट एकच. येणाऱ्या बाईला सगळं सांगण्याची मोकळीक हवी. वरिष्ठांनी डावललं असेल तर ते, मूल सहा महिन्यांचं असताना दूरच्या पोस्टिंगवर जावं लागलं ते, बढतीसाठी कोर्टात जावं लागलं ते, नोकरी आवडली नाही तर तेही. मुख्याध्यापकांनी आधी भाषण तपासून घ्यायचं नाही. ‘मुलींनी सैन्यात जावं’ असा संदेश देऊन शेवट करा, अशी विनंती करायची नाही. वर्गातून एकही मूल फौजेत गेलं नाही तरी तो तास वाया गेला असं मी म्हणणार नाही.

व्हिडिओ दाखवला तर नाही का चालणार, असंही विचारतात. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह टीव्हीवर देशाला ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना आमच्या मुलींनी पाहिल्या, घराघरात पाहिल्या, आणि त्याचा परिणाम झाला. पण टीव्हीला पाळीबद्दल विचारता येत नाही. अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही या तक्रारीला उत्तर देण्यात मी शब्द घालवणार नाही. वर्षातून दोन तासांचा प्रश्न आहे.

हे जमवणं अवघड नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात. त्यांतून बायकांची वेगळी यादी काढून, त्यांची संमती घेऊन ती शिक्षण विभागाला द्यावी. नंदुरबारच्या आश्रमशाळांपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च शाळेवर टाकू नये, पाहुण्या बाईवर तर नाहीच. माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येत न बसणाऱ्या पण सीमेवर आणि जंगलात उभ्या राहिलेल्या सीआरपीएफ, बीएसएफमधल्या बायकांनाही बोलवावं. सीआरपीएफची पहिली महिला बटालियन १९८६ सालची आहे, तिच्यातल्या बायका आता घरी परतल्या आहेत. वर्गात अहिराणी, पावरी, लेवा, जी बोली मुलांच्या तोंडी असेल ती चालू द्यावी. शुद्ध मराठीत प्रश्न विचारायला लावला की निम्मे प्रश्न घशातच राहतात.

आणि दिवस हवा असेल तर तोही आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची. या काळात बहुतेक शाळा काही ना काही करतातच. तिथून दोन दिवसांवर १४ जानेवारी. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिकांचा दिवस पाळतात. आपल्याकडे तो संक्रांतीत हरवून जातो. मग रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं, गल्लीतल्या बायकांना वाण मिळतं आणि त्यांतली एखादी माजी अधिकारी असेल तर तीही तिळगूळ घेऊन निमूट घरी जाते. त्या पंधरा दिवसांतला एक शनिवार शाळांनी तिच्यासाठी ठेवावा.

आमच्या कर्नलबाई त्यानंतर आणखी चार वेळा शाळेत आल्या. पुढच्या वर्षीचं झेंडावंदन त्यांच्या हस्ते झालं आणि त्यांचे दीर, ते हवालदार, मांडवातून उठून उभे राहिले आणि त्यांनी खाडकन सॅल्यूट केला. मुलं बघत होती. पण पहिल्या तासाला खोक्यात चिठ्ठ्या खूप होत्या आणि घंटा झाली तेव्हा अकरा उरल्या होत्या. नंतर विचारू म्हणून मी त्या कपाटात ठेवल्या. मी निवृत्त झाले, कर्नलबाई मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या आणि चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. त्यांतली एक वहीच्या समासाच्या कागदावर, पेन्सिलने, फार बारीक अक्षरात लिहिलेली आहे. ‘हुकूम देताना आवाज कुठून काढायचा?’